दक्षिणेकडच्या गोठ्यासाठी दोन कालवडी

१२ मार्च २०२२, शनिवार. रक्कम तीन हजार नऊशे युरो, दोन गाभण कालवडींची मिळून. निम्मी लगेच, निम्मी जनावरं पोचल्यावर. ठिकाण जर्मनीत, आम्ही राहतो त्या रेगेन्सबर्गपासून अर्ध्या तासावरचं एक शेत. हजर: शेताच्या मालकीणबाई, माझा साडू, माझी मेहुणी, माझी बायको आणि मी.

मी तिथे कशाला होतो ते आधी सांगतो, कारण गाईंमधलं मला काहीही कळत नाही. मोटारींच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी खर्चाचे हिशेब बघतो. जर्मन कागद वाचता येतो आणि बेरीज सहसा चुकत नाही, एवढ्या दोन गुणांवर मला नेलं होतं. बायको आली होती ती आपल्या बहिणीबरोबर गप्पा मारायला. तिचं काम नसताना ती जिथे जाते तिथे शेवटी तिचंच काम निघतं, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे.

साडू आयरिश आहे, गाई पाळतो. मेहुणी रत्नागिरीला मत्स्यविज्ञान शिकली आणि पुढच्या शिक्षणासाठी आयर्लंडला गेली. तिथे ओढ्याच्या पाण्याचे नमुने घ्यायला न विचारता एका शेतात शिरली. शेतकऱ्याने हटकलं. हिने त्यालाच बाटली धरायला लावली. पुढे लग्न झालं. हे आमच्या सासरी कुणाला विचित्र वाटलं नाही. मुलगी शेतकऱ्याच्या घरात पडली, दुधातुपाला कमी नाही, असं सासूबाई अजून सांगतात.

त्या घराची गंमत अशी की घर एका देशात आहे आणि गोठा दुसऱ्या देशात. मधून एक ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला घर, मोठा गोठा आणि काळ्यापांढऱ्या गाईंचा कळप: ते युनायटेड किंग्डम. दक्षिणेला जुना गोठा आणि थोडी कुरणं: ते आयर्लंडचं प्रजासत्ताक, म्हणजे युरोप. पूल लाकडी आहे, साडूच्या आजोबांनी घातलेला. दोन्ही देश युरोपियन युनियनमध्ये होते तोवर या गोष्टीचा उपयोग फक्त पाहुण्यांना चहा झाल्यावर परदेश दाखवून आणण्यापुरता होता.

ब्रेक्झिट झालं आणि ओढा रुंद झाला. उत्तरेकडच्या जमिनीचं अनुदान युरोपातून यायचं ते बंद होऊन ब्रिटिश सरकारकडून यायला लागलं, आणि ते किती वर्षं येईल हे कुणी छातीठोक सांगेना. दक्षिणेकडच्या तुकड्याचं युरोपातून येतच राहिलं. साडूचं दूध उत्तरेला निघतं आणि टँकरमधून दक्षिणेच्या डेअरीत जातं. सीमेवर फाटक बसलं तर त्या दुधाचं काय, या काळजीत त्याची दोनतीन वर्षं गेली. फाटक बसलं नाही. मालाच्या आणि जनावरांच्या बाबतीत उत्तर आयर्लंडने युरोपचेच नियम पाळायचे असं ठरलं. पण राजकारणी माणसं दर थोड्या महिन्यांनी टीव्हीवर येऊन ते मोडायच्या गोष्टी करत, आणि साडू रिमोट खाली ठेवून गोठ्यात निघून जाई.

त्याला म्हणून दक्षिणेकडचा गोठा हातात हवा होता. आदल्या शरद ऋतूत त्याचे वडील गेले. त्या गोठ्यातली जनावरं वडिलांची होती, ती म्हातारी झालेली, विकली गेली. गोठा रिकामा पडला. कळपाचा सरकारी नोंदणी नंबर आईच्या नावावर झाला. आई ऐंशीच्या पुढची, व्यवहाराला पक्की. तिने सांगून टाकलं: एप्रिल संपेपर्यंत तिथे जनावरं आली तर ठीक, नाहीतर तो तुकडा शेजाऱ्याला पाच वर्षांच्या कराराने भाड्याने द्यायचा. शेजारी तयारच होता. तो रोज सकाळी कुंपणावरून "गुड मॉर्निंग" म्हणायचा, त्यातसुद्धा करार ऐकू यायचा, असं मेहुणी सांगायची.

जनावरं तिथल्या बाजारातून कसलीही आणता आली असती. पण साडू पूर्वी एकदा आमच्याकडे आला होता तेव्हा त्याने बव्हेरियातल्या तांबड्यापांढऱ्या, पांढऱ्या तोंडाच्या गाई पाहिल्या होत्या आणि त्या त्याच्या डोक्यातून गेल्या नव्हत्या. त्याचं कारण हिशेबी होतं, म्हणून मला पटलं. काळ्यापांढऱ्या गाईचा गोऱ्हा कुणी धड विकत घेत नाही. या तांबड्या गाईचं दूध बऱ्यापैकी असतं आणि गोऱ्ह्यालाही किंमत येते. "दुधाचा टँकर अडला तरी गोऱ्हे चालत जातील," असं तो म्हणाला.

मालकीणबाई साठीच्या, उंच, गुडघे दुखत असल्याने गमबूट घालूनही सावकाश चालणाऱ्या. त्या वर्षी दूध काढणं बंद करून नुसतं गवत विकायचं त्यांनी ठरवलं होतं. या शेवटच्या दोन कालवडी. एक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात विणार होती, दुसरी मे महिन्यात.

"दोघी एकत्र वाढल्या आहेत," त्या म्हणाल्या. "गेल्या तर दोघी जातील. एक नेणार असाल तर आत्ताच सांगा, कॉफी टाकायला नको."

साडूने कालवडींभोवती तीन चकरा मारल्या, पाठीवर हात फिरवला, कानात काहीतरी बोलला. मग भाव सुरू झाला. त्या चार हजार शंभरावर होत्या, तो तीन हजार सातशेवर. मधे दुभाषा मी. लहानपणी आमच्या तालुक्याच्या बाजारात बैलांचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. इथे उलट, दोन्ही बाजूंचे सगळे टोमणे माझ्याच तोंडून जात होते. "त्याला सांगा, एवढ्या पैशात शेळी मिळेल." मी सांगितलं. "तिला सांग, शेळीला एवढी भूक नसते." मी सांगितलं. तीन हजार नऊशेला मालकीणबाईंनी हात पुढे केला, साडूने तो धरला, आणि बव्हेरियात तिथे विषय संपतो.

वाहतुकीच्या कागदांसाठी त्यांना खरेदीदाराचा पत्ता हवा होता. साडू कालवडीच्या खुरांपाशी वाकलेला. मेहुणी कॉफीचे कप विसळत होती. "पत्ता?" असं मी म्हणायचा अवकाश, बायकोने तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. दर दिवाळीला त्या पत्त्यावर फराळाचं पार्सल जातं. घरनंबर, रस्ता, गाव, पोस्टकोड, उत्तर आयर्लंड, युनायटेड किंग्डम. मी पोस्टकोड दोनदा तपासून घेतला. बरोबर होता.

रविवारी बायकोने आदल्या दिवशी आणलेले ट्राउट मासे काढले. हळद-तिखट लावून तव्यावर टाकणार, तेवढ्यात मेहुणीने पिशवी उचलली.

"कुठल्या पाण्यातले हे?"

"दुकानातले," बायको म्हणाली.

"दुकानात कुठून आले?"

"बाई गं, तुझी ड्यूटी तिकडे. इथे जेवायला बस."

मेहुणी नोकरी करते ती उत्तर आयर्लंडच्या शांतता करारानंतर दोन्ही सरकारांनी मिळून काढलेल्या एका कार्यालयात. नदीतल्या आणि खाडीतल्या माशांची राखण करायची. सामन मासा पकडायचा परवाना आहे का बघायचं, बेकायदा जाळी उचलायची, वेळ पडली तर बोटीने पाठलाग करायचा. लहानपणी बोंबलावरून बहिणीशी भांडणारी मुलगी आता मासे चोरणाऱ्यांना पकडते याचं आमच्या घरात सगळ्यांना कौतुक आहे. सासूबाईंना मात्र एकच शंका असते, की पकडलेल्या माशांचं पुढे काय करतात.

ब्रेक्झिटनंतरची तिची एक गोष्ट आम्ही तिच्याकडून पुन्हापुन्हा सांगून घेतो. एका माणसाने नदीत उत्तरेच्या काठाजवळ जाळं टाकलं होतं. हिची बोट दिसताच त्याने जाळं आत ओढलं, वल्ही मारत दक्षिणेच्या काठाला लागला आणि चिखलात उभा राहून दोन्ही हात पसरून ओरडला, "बाई, आता हे युरोप आहे! तुम्ही बाहेर पडलात!"

"मग?" बायकोने माहीत असूनही विचारलं.

"मग काय. मी पण उतरले. म्हटलं, तुझा देश बाहेर पडला असेल, मी नाही पडले. आमचा कायदा दोन्ही काठांना लागू आहे, पहिल्यापासून. तो म्हणतो, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हटलं, आता सांगितलं, जाळं दे."

"दिलं?"

"दिलं. वर म्हणाला, ब्रेक्झिटचा काडीचा उपयोग झाला नाही."

साडू इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. त्याने ती गोष्ट कितीतरी वेळा ऐकली असणार.

सगळं इतकं गमतीचं नव्हतं. खाडीच्या दक्षिण काठावरच्या काही लोकांच्या होड्यांची नोंदणी जुन्या सोयीने उत्तरेला झालेली होती. ब्रेक्झिटनंतर त्या परदेशी होड्या ठरल्या, आणि परदेशी होडीने मासे फक्त ठरवून दिलेल्या बंदरांत उतरवायचे. ती बंदरं सुरुवातीला फार लांब होती. स्वतःच्या घरासमोरचा धक्का दिसतोय, स्वयंपाकघरातला दिवा दिसतोय, आणि टोपली तिथे ठेवायची नाही. ते काम मेहुणीच्या कार्यालयाचं नव्हतं, समुद्रावरची मासेमारी वेगळे लोक बघतात. पण गणवेश दिसला की लोक गणवेशालाच विचारतात. "मी त्यांना काय सांगणार," ती म्हणाली. "त्या खाडीत सीमा नेमकी कुठून जाते हे दोन देशांनी आजवर ठरवलेलं नाही. पाण्यावर सीमा नाही आणि धक्क्यावर मात्र आहे." पुढे आणखी बंदरं उघडली, बरंचसं सुरळीत झालं, असं तिने सांगितलं. तोवर तिने चार ट्राउट संपवले होते. कुठल्या पाण्यातले ते पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी संध्याकाळी कागदांची प्रत मेलवर आली. मी आकडे बघितले: कानातल्या बिल्ल्यांचे नंबर, जन्मतारखा, रक्ततपासण्या, सगळं जुळत होतं. प्रत मेहुणीकडे सरकवली. तिने पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"भावोजी, हा काठ चुकलाय."

"कसला काठ?"

"आम्ही पंचनामा लिहितो ना, त्यात पहिली ओळ काठाची असते. उत्तर की दक्षिण. बाकी सगळं नंतर. यात गाई उत्तरेला चालल्यात."

मी म्हटलं, पत्ता तुमचाच आहे. ती म्हणाली, पत्ता आमच्या स्वयंपाकघराचा आहे.

मग तिने समजावलं. उत्तरेचा कळप आणि दक्षिणेचा कळप कायद्याने वेगळे, नंबर वेगळे, सरकारं वेगळी. गाय ज्या कळपाच्या नावाने येते तिथेच तिला उतरवावं लागतं. पुढे ओढा ओलांडायचा तर पुन्हा तपासण्या, पुन्हा कागद, पुन्हा वाट बघणं. म्हणजे जर्मनीहून फ्रान्स ओलांडून, जहाजात बसून आलेली गाय शेवटच्या लाकडी पुलावर अडणार होती. दक्षिणेचा गोठा रिकामाच राहणार होता, एप्रिल संपणार होता आणि शेजारी "गुड मॉर्निंग" म्हणणार होता.

साडूने कागद हातात घेतला, वाचला, खाली ठेवला.

बायको म्हणाली, "फराळ तर दर वर्षी पोचतो!"

"ताई, चकल्यांना कळपाचा नंबर नसतो," मेहुणी म्हणाली.

वेळ थोडा होता. जनावरांची गाडी पुढच्या सोमवारी निघणार होती. त्यानंतरची गाडी दोन आठवड्यांनी. गाभण काळाचा शेवटचा दहावा हिस्सा लागला की जनावर प्रवासाला न्यायचं नाही असा नियम आहे, आणि थोरली कालवड दुसऱ्या गाडीपर्यंत त्या हिश्शात शिरणार होती. म्हणजे तिला नेता येणार नाही. आणि दोघी गेल्या तरच जाणार, हे मालकीणबाईंनी कॉफीच्या आधीच सांगितलं होतं.

दक्षिणेचा नंबर साडूच्या आईच्या नावावर, त्यामुळे खरेदीदार म्हणून तिचं नाव घालायला हवं होतं. तिची संमती हवी. मेहुणीने सासूला फोन लावून स्पीकर चालू केला. घडलेलं सांगितलं. पलीकडून आधी किंमत विचारली गेली.

"तीन हजार नऊशे."

"दोघींचे?"

"दोघींचे."

"बरं. लक पेनी किती दिली त्या बाईने?"

साडूने छताकडे बघितलं. त्यांच्याकडे सौदा झाला की विकणारा किमतीतला छोटासा हिस्सा घेणाऱ्याच्या हातात परत ठेवतो, शकुनाचा. त्याला लक पेनी म्हणतात. नसेल तर जनावर लाभत नाही.

"दिली नाही?"

"मॅम, जर्मनीत तशी पद्धत नसते," साडू म्हणाला. आईला तो मॅम म्हणतो.

"माणसंच आहेत ना तिथे?"

"हात मिळवला होता, मॅम. नंतर मागणं बरं दिसलं नसतं."

"तुझ्या वडिलांनी त्या गोठ्यात लक पेनीशिवाय कोंबडीसुद्धा आणली नाही. माझ्या नावावर तसल्या गाई येणार नाहीत. किती ते महत्त्वाचं नाही. विकणाऱ्याच्या हातून आलं पाहिजे." फोन बंद झाला.

मी हिशेबी माणूस. मी सुचवलं, आपणच दहा युरो देऊ आणि बाईंनी दिले म्हणून सांगू. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडून दिला.

"अहो, त्यांचं चुकलं काय?" बायको म्हणाली. "आपल्याकडे कुणी शंभराची कोरी नोट पाकिटात घालतं का? वर एक लागतोच. उद्या मी येते तुमच्याबरोबर."

मंगळवारी सकाळी मी रजा टाकली. आधी आम्ही फेटेरिनेरआम्टमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी आमची फाइल बाजूलाच काढून ठेवली होती. पत्त्यात युनायटेड किंग्डम दिसल्यावर त्यांना पुढे विचारणा करायची होती, कारण त्यांच्या हातून तिकडे गाय कधी गेली नव्हती. मेहुणीने मोबाइलवर नकाशा उघडून घर, ओढा आणि गोठा दाखवला.

"आल्झो, म्हणजे घर तिकडे आणि गाय इकडे," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ," मेहुणी म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर; तिला येणाऱ्या जर्मन शब्दांपैकी तो एक.

"मग सोपं आहे. आयर्लंडला आम्ही नेहमी पाठवतो. नवा खरेदीदार, नवा नंबर, आणि विकणाऱ्या बाईंची नवी सही. शुक्रवार दुपारपर्यंत माझ्या टेबलावर. त्यानंतर आलं तर सोमवारची गाडी विसरा."

विकणाऱ्या बाईंची सही. म्हणजे पुन्हा त्याच अंगणात जायचं, आणि सही मागताना शकुनाचे पैसेही मागायचे. गाडी चालवताना मी जर्मन वाक्यं मनात जुळवत होतो. साडू मागे बसून गुडघ्यावर बोटं वाजवत होता.

मालकीणबाईंनी सही लगेच केली असती. पेन हातात होतं. मी प्रामाणिकपणे आधी लक पेनीचं सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सूट हवी होती तर शनिवारी मागायची. हात मिळवला की मिळवला. आता याला आणखी किती हवेत?"

मी म्हटलं, सूट नाही, शकुन आहे.

"शकुन किती टक्क्यांचा?"

मी साडूकडे वळलो. तो लाल झाला होता. त्याने बाईंना सांगायला सांगितलं की आई ऐंशीच्या पुढची आहे, गोठा वडिलांचा होता, आणि रक्कम एक सेंट असली तरी चालेल. मी सगळं सांगितलं. बाईंनी हाताची घडी घातली. त्यांना वाटत होतं की हे तिघेचौघे परदेशी लोक मिळून आपला भाव पाडायला आलेत, आणि त्यांच्या जागी मला तरी वेगळं काय वाटलं असतं?

तेवढ्यात बायको पुढे झाली. पर्समधून एक युरोचं नाणं काढून तिने मालकीणबाईंच्या तळहातावर ठेवलं.

"हे काय?"

"तीन हजार नऊशेवर एक," बायको आपल्या जर्मनमध्ये म्हणाली. "आमच्याकडे शून्यावर संपणारी रक्कम शुभकार्यात देत नाहीत. शून्य आलं की संपलं. वर एक दिला की पुढे काहीतरी राहतं. गाई तुमच्याकडून आमच्या घरात येणार. आपलं काहीतरी पुढे राहायला हवं ना?"

मालकीणबाईंनी नाण्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे तुमच्याकडे घेणारा जास्त देतो?"

"हो," मी म्हटलं.

"आणि याच्याकडे विकणारा परत देतो?"

"हो."

"मग तुम्ही आपसातच मिटवा की! मला कशाला मधे घेता?"

आधी बायको हसली, मग मी. साडूला भाषांतर करून सांगेपर्यंत मालकीणबाई स्वतःच हसायला लागल्या होत्या. त्या घरात गेल्या आणि दोन युरोचं नाणं घेऊन आल्या. "एकाला एक दिला तर काहीच झालं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून दोन." त्यांनी ते साडूच्या हातात ठेवलं. साडूने आनंदाच्या भरात, त्याच्या गावच्या रीतीप्रमाणे, नाण्यावर थू केलं आणि हात मिळवायला पुढे केला. कोरोनाचे दिवस होते, त्यात वर ही थुंकी. मालकीणबाईंनी कोपर पुढे केलं.

सही झाली. "बिलावर काय लिहू?" त्यांनी मला विचारलं.

"तीन हजार नऊशे."

"आणि नाणी?"

"नाणी बिलाबाहेर."

त्या म्हणाल्या, हिशेबाच्या माणसाकडून हे ऐकून बरं वाटलं. कागद मी त्याच दुपारी कार्यालयात नेऊन दिले. साडूने आईला नाण्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "माझं नाव घाला."

साडू आणि मेहुणी बुधवारी विमानाने गेले. कालवडी सोमवारी गाडीत चढल्या. थोरली सरळ चढली, धाकटी तिच्यामागून. गाडी इंग्लंडमधून नेली असती तर अंतर कमी पडलं असतं, पण मग युरोपातून बाहेर पडून पुन्हा युरोपात शिरावं लागलं असतं, तेही दोन गाभण जनावरं घेऊन. म्हणून फ्रान्समध्ये एका गोठ्यात विश्रांती आणि तिथून थेट आयर्लंडचं जहाज. गाडी निघाल्यावर मालकीणबाई रिकाम्या गोठ्याचं दार लावून घेत होत्या. बायकोने त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. त्या आल्या. आमटी त्यांना तिखट लागली, पण दुसऱ्यांदा मागून घेतली.

गाडी निघाली त्याच आठवड्यात, गुरुवारी मेहुणीने व्हिडिओ पाठवला. दक्षिणेच्या गोठ्यासमोर दोन तांबड्या कालवडी उभ्या. ओढ्यापलीकडे, दुसऱ्या देशात, काळ्यापांढऱ्या गाई कुंपणाशी रांगेत उभ्या राहून त्यांच्याकडे टक लावून बघतायत. कॅमेऱ्यामागून साडूचा आवाज, कालवडींशी बोलणारा. त्या बिचाऱ्यांना फक्त बव्हेरियन कळत असणार. शेजाऱ्याला मेहुणीच्या सासूने त्याच दिवशी करार होणार नाही म्हणून सांगितलं. थोरली एप्रिलमध्ये व्याली. गोऱ्हा झाला.

शेवटी दिले गेले ते असे. शनिवारी एक हजार नऊशे पन्नास युरो, मालकीणबाईंच्या खात्यात, साडूकडून. गाई उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी उरलेले एक हजार नऊशे पन्नास, त्यांनाच. वाहतूक आणि फ्रान्समधला मुक्काम मिळून सहाशे चाळीस, गाडीवाल्याला, साडूकडून. एक युरो रोख मालकीणबाईंना, माझ्या बायकोकडून. आणि मालकीणबाईंनी दिलेले दोन युरो, रोख, मेहुणीच्या सासूबाईंना.